जलस्तर दर्शक

माझा थोरला भाऊ सत्तावीस वर्षं बॉयलरवर होता. कापड रंगवायच्या कारखान्यात. बॉयलरवर असणं म्हणजे काय हे बहुतेकांना माहीत नसतं, आणि माहीत करून घ्यावं असं कुणाला वाटतही नाही. कापड रंगवायला वाफ लागते. ती वाफ करणारं धूड कारखान्याच्या मागच्या अंगाला वेगळ्या शेडमध्ये असतं. ते भडकू नये, विझू नये, कोरडं पडू नये म्हणून त्याच्यासमोर एक माणूस आठ तास उभा असतो. तो माणूस म्हणजे दादा. त्याचं लक्ष दहा मिनिटं उडालं असतं तर शेडही उडाली असती. हे काम तो चौथी शिकलेल्या माणसाच्या पगारात करायचा.

मी शिकवतो. तंत्रशिक्षण संस्थेत, आणि विषय म्हणाल तर बॉयलरच. फळ्यावर बॉयलर काढतो, लाल खडूने आग आणि निळ्या खडूने पाणी दाखवतो. चालत्या बॉयलरसमोर मी आयुष्यात सलग एक तास उभा राहिलेलो नाही. माझा पगार दादाच्या चौपट होता.

हा फरक कुठून आला ते आधीच सांगून टाकतो, कारण लोकांना वाटतं की मी हुशार होतो. आमच्या वस्तीतली शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीला बसने शहराच्या पलीकडच्या टोकाला जावं लागायचं. वडील त्याच कारखान्यात राख उपसायचे, आणि त्यांच्या मजुरीत बसचा पास निघत नव्हता. दादाची चौथी झाली तेव्हा ते म्हणाले, एक वर्ष थांब, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीही तेच म्हणाले. तिसऱ्या वर्षी दादा त्यांच्याबरोबर राखेवर जायला लागला. त्याच वर्षी माझी चौथी झाली, आणि आता घरात दोन माणसं कमावती असल्यामुळे पास निघाला. तो माझ्या नावाचा निघाला. एवढंच झालं. डोक्याचं विचाराल तर तोंडी हिशेबात दादा माझ्या कायम पुढे होता, आणि अजून आहे.

राखेवरून तो भट्टीवर आला, भट्टीवरून बॉयलरवर. जुना मिस्त्री निवृत्त होताना साहेबांना म्हणाला होता, "याला ठेवा, याला कान आहे." ते खरं होतं. दादा बॉयलरला बाईसाहेब म्हणायचा. लांबून आवाज ऐकून सांगायचा, "आज बाईसाहेबांचं पोट ठीक नाही," आणि खरोखरच पंपात काहीतरी अडकलेलं निघायचं. शेडमधल्या वस्तूंची नावं मिस्त्रीकडून आलेली होती. व्हॉल्व्ह, कॉक, गेज, ग्लास. ग्लास म्हणजे बॉयलरच्या अंगावरची काचेची उभी नळी, तिच्यात आतल्या पाण्याची पातळी दिसते. अशा दोन असतात, प्रत्येकीला वर-खाली बंद करायचे कॉक. पाणी खाली गेलं आणि कुणी बघितलं नाही तर संपलं सगळं. म्हणून दादा दर दोन मिनिटांनी ग्लासकडे बघायचा. ती सवय घरीही सुटली नव्हती. जेवताना मधूनच त्याची मान डावीकडे वर जायची, आणि वहिनी म्हणायची, "तिथं भिंत आहे. तिचं पाणी काही खाली जात नाही. जेवा."

दादाला एकच मुलगी. आमच्या दोन्ही घरांत मिळून डोकं असलेली तीच एक, माझे दोन चिरंजीव धरूनसुद्धा. कारखान्याच्या भिंतीला लागून कारखान्याचीच शाळा होती, बारावीपर्यंतची, प्रयोगशाळा असलेली. तिथे कायम नोकरीतल्या कामगारांच्या मुलांना जागा मिळायची. कंत्राटी कामगारांच्या मुलांना मिळायची नाही. त्यांच्यासाठी वस्तीतली शाळा, ती आता दहावीपर्यंत झाली होती, पण विज्ञानाला शिक्षक नव्हता. पुतणी अकरावीत होती, विज्ञान शाखेला, वर्गात पहिली. दादा तिला घ्यायला शाळेच्या फाटकापर्यंत जायचा, पण आत जायचा नाही. म्हणायचा, "माझ्या कपड्यांना कोळसा असतो."

मग कारखाना विकला गेला. विकत घेणारी कंपनी बाहेरची होती, अकरा देशांत तिचे कारखाने होते. पहिल्याच महिन्यात त्यांचा एक मोठा इंजिनिअर पाहणीला आला आणि सोबत त्यांच्या कारखान्यातला बॉयलरवाला घेऊन आला. दुभाषा म्हणून संस्थेतून मला बोलावलं.

तो बॉयलरवाला दादाच्याच वयाचा. हातावर तसेच भाजल्याचे डाग. दोघांना माझी गरजच पडली नाही. त्याने बॉयलरला कान लावला, दादाकडे बघितलं, दोन बोटं वर केली. दादाने मान हलवली आणि तीन केली. दोघं हसले. काय बोलले ते मला, बॉयलर शिकवणाऱ्याला, आजतागायत कळलेलं नाही.

चहाच्या वेळी मात्र मी लागलो. त्याने विचारलं, शाळा किती झाली? दादा म्हणाला, चार वर्षं. त्याला वाटलं मी भाषांतर चुकवलं. त्याने पुन्हा विचारलं. मग त्याने आपलं सांगितलं. शाळा तेरा वर्षं, सगळ्यांनाच, फुकट. त्यानंतर काम शिकवायची दोन वर्षं, पगारासकट. त्याच्या मॅनेजरला त्याच्या तिप्पट पगार होता आणि ते त्याला फार वाटत होतं, त्यावर त्यांची युनियन भांडत होती. आमच्या मॅनेजरला दादाच्या चाळीसपट मिळायचं. हे मी भाषांतरात सांगितलं नाही, लाज वाटली. शेवटी तो म्हणाला की त्याचा मुलगा आणि मॅनेजरची मुलगी एकाच वर्गात होते, आणि गणितात त्याचा मुलगा पुढे असायचा.

हे वाक्य दादाने मला तीनदा सांगायला लावलं. "एकाच वर्गात? मॅनेजरची?"

"हो रे दादा."

"मग त्यांच्याकडे राख कोण उपसतं?"

मी तेही विचारलं. तो म्हणाला, मशीन. आणि मशीन बंद पडलं तर आम्ही उपसतो, त्या दिवसाचे जास्त पैसे मिळतात.

ते गेले आणि महिन्याभरात नियम आला. अकराही देशांतल्या कारखान्यांत बॉयलरवरच्या प्रत्येकाकडे प्रमाणपत्र हवं. नसेल त्याने लेखी परीक्षा द्यावी, आपापल्या भाषेत. नापास होईल त्याला कायम नोकरीतून काढून कंत्राटावर घेतलं जाईल. परीक्षा एक, सगळ्यांना सारखी. सारखेपणाचं त्यांना फार कौतुक होतं. तेरा वर्षं शाळेत बसलेल्याला आणि चार वर्षं बसलेल्याला एकच पेपर, आणि वर म्हणायचं की आम्ही भेदभाव करत नाही. माझं डोकं तेव्हा फिरायला हवं होतं. फिरलं नाही. कारण पेपरचं मराठी भाषांतर संस्थेकडे आलं होतं आणि विभागप्रमुखांनी ते माझ्याकडे दिलं होतं.

प्रमुख चार महिन्यांनी निवृत्त होणार होते. त्यांच्या खुर्चीवर माझा डोळा होता, हे सगळ्या संस्थेला ठाऊक होतं. ते म्हणाले, "भाषा शुद्ध ठेवा. वर जाणार आहे, तिकडे तपासणार आहेत."

मी ठेवली. मला शुद्ध शब्दांची हौस आहे, विद्यार्थी माझी नक्कल करतात त्यावरून. सेफ्टी व्हॉल्व्हची मी सुरक्षा झडप केली. प्रेशर गेजचा दाबमापक केला. गेज ग्लासपाशी थोडा अडलो, मग परिभाषा कोश उघडला, दोन शब्द जुळवले आणि लिहिलं, जलस्तर दर्शक. वाचून बघितलं. कानाला बरं वाटलं. गोपनीयतेच्या कागदावर सही केली आणि पाकीट बंद केलं.

दादा परीक्षेला बसणार हे मला माहीत होतं. दर रविवारी सकाळी मीच त्याला लिहायला-वाचायला शिकवायला जात होतो. पन्नाशीचा माणूस पुतणीच्या जुन्या वहीत अक्षरं गिरवत बसायचा. त्याला वाचता येत होतं, बोट ठेवून, दुकानाच्या पाट्यांपुरतं. लिहिणं पार गेलं होतं. ळ तो उजवीकडून डावीकडे काढायचा. मी दहा वेळा दाखवलं, तरी त्याचा हात उलटाच जायचा. "तुझा ळ तुझ्याकडे तोंड करून बसतो, माझा माझ्याकडे," तो म्हणायचा. मुलगी शेजारी बसून हसायची, आणि तोही हसायचा, पण बापाला काय पणाला लागलंय हे ठाऊक होतं. मी निघताना तो दारापर्यंत यायचा आणि हळूच म्हणायचा, "तिची बारावी तेवढी तिथं होऊ दे."

एखाद्या रविवारी मी सहज म्हणू शकलो असतो, दादा, ग्लासला पुस्तकात काय म्हणतात माहीत आहे का? पेपर फुटला असता का? फुटला असता कदाचित. मी स्वतःला प्रामाणिक माणूस समजत होतो. आणि मनातून वाटत होतं की बॉयलर ज्याच्या हातचा मळ आहे त्याला शब्द काय अडवणार. सत्तावीस वर्षं हा माणूस ज्या काचेकडे बघत आलाय, ती त्याला कुठल्याही नावाने ओळखू येईल. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला असंच वाटतं.

परीक्षा झाली. दादा घरी आला आणि वहिनीला म्हणाला, "बरी गेली." मला एवढंच कळलं.

उत्तरपत्रिका संस्थेतच तपासायला आल्या. त्या माझ्या एका सहकाऱ्याकडे होत्या. दुपारी स्टाफरूममध्ये चहा चालला होता, आम्ही पाच-सहाजण होतो. तो तपासता तपासता एकदम थांबला आणि म्हणाला, "अरे ऐका, ऐका. प्रश्न असा आहे, जलस्तर दर्शक निकामी झाल्यास आपण प्रथम कोणती कार्यवाही कराल? आणि आपले हे महाशय लिहितात," तो उभा राहून, एकेक शब्द सुटा करत वाचायला लागला, "त्याला सावलीत बसवीन. पाणी पाजीन. दुसरा माणूस उभा करीन. साहेबांना कळवीन."

सगळे हसत सुटले. कुणाच्या नाकातून चहा आला. मीही हसलो. खोटं कशाला बोलू, पोट धरून हसलो. वर मीच म्हणालो, "कांदा हुंगवायचा राहिला." तेव्हा आणखी हसू झालं.

सहकाऱ्याने कागद टेबलावर टाकला. मी डोळे पुसत तो ओढून घेतला, अजून काय लिहिलंय बघायला. पहिलं अक्षर दिसलं ते कळवीनमधला ळ. तो उजवीकडून डावीकडे काढलेला होता.

मी कागद परत ठेवला. हा माझा भाऊ आहे, एवढं चार शब्दांचं वाक्य त्या खोलीत माझ्या तोंडून निघालं नाही. चहा संपवला आणि तासाला गेलो.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांकडे गेलो. म्हणालो, कामगारांचे शब्द वेगळे असतात, पेपरातले शब्द त्यांना कळले नाहीत, त्या प्रश्नाचा फेरविचार व्हावा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "शब्द कुणाचे आहेत?"

"माझे."

"मग तसं लिहून द्या. भाषांतर सदोष होतं, म्हणून. मी वर पाठवतो." मग, वाईट हेतूने नव्हे, म्हणाले, "पुढच्या महिन्यात तुमच्या नावाची शिफारस जायची आहे. दोन्ही कागद एकाच टेबलावर पोचतील, एवढं लक्षात घ्या."

मी कोरा कागद घेऊन घरी आलो. बायकोला सांगितलं नाही. कागद तीन दिवस बॅगेत होता. रोज वाटायचं, आज लिहू. चौथ्या दिवशी निकाल लागला. पास व्हायला चाळीस गुण लागत होते, दादाला तेहतीस पडले. त्या एका प्रश्नाचे दहा होते. अठराजण बसले, सहा पास झाले, सहाही दहावी झालेले.

पुढचं सगळं नियमाने झालं. दादाच्या जागी डिप्लोमावाला एक तरुण आला, पगार अडीचपट. मुलगा वाईट नव्हता. दादाला कंत्राटावर घेतलं आणि राख उपसायला लावलं, वडील होते तिथेच. पहिल्या आठवड्यात तो तरुण दिवसातून दोनदा राखेच्या ढिगाकडे यायचा आणि म्हणायचा, काका, जरा येऊन आवाज ऐकता का? दादा जायचा. मग सुपरवायझरने बंदी केली, कंत्राटी माणसाला बॉयलरच्या शेडमध्ये परवानगी नाही.

शाळेचं पत्रही आलं. बारावीला जागा नाही. खाजगी कॉलेजची फी मी विचारून आलो, माझ्या दोघांची भरतो तशी तिसरी भरता आली असती, ओढाताण करून. दादाला म्हणालो, मी बघतो फीचं. तो म्हणाला, "तुझीच दोन आहेत." मी आणखी एकदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. माणसाला खरंच द्यायचं असतं तेव्हा तो तिसऱ्यांदा म्हणतो. पुतणी कारखान्याच्या पॅकिंग खात्यात लागली. केसांवर जाळीची टोपी घालून दिवसभर कापडाच्या गठ्ठ्यांवर लेबलं चिकटवायची. बारावीचा फॉर्म बाहेरून भरला आहे, म्हणायची.

मी विभागप्रमुख झालो.

सहा महिने मी दादाकडे कामापुरता जात होतो. मग एका दुपारी गेलो तेव्हा वहिनी बाहेर गेली होती, मुलगी आतल्या खोलीत होती, पहिल्या पाळीवरून येऊन पडली होती. दादा जमिनीवर बसून बुटातली राख झटकत होता. खोकला लागला होता त्याला. जरा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग तो म्हणाला, "एक विचारू? त्या पेपरात एक होता बघ, जलस्तर दर्शक. तो कोण?"

"ग्लास, दादा. गेज ग्लास."

"आपला ग्लास?"

"हो."

"अरे मग दोन्ही कॉक बंद करायचे, दुसऱ्या ग्लासवर डोळा ठेवायचा, नवी काच घालायची, आधी वाफ सोडायची, मग पाणी. हे मी झोपेत सांगीन." मग तो हसला, अगदी थोडं. "मी निराळंच समजलो. जल म्हणजे पाणी हे ठाऊक होतं. दर्शक म्हणजे बघणारा. पाणी बघणारा तो कोण? मीच की. म्हटलं, हे विचारतायत की बॉयलरवरचा माणूस निकामी झाला तर काय करायचं. मला बरं वाटलं रे. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं."

त्या दिवशी मात्र बोललो. म्हणालो, तो पेपर मराठीत मीच केला. तो शब्द माझाच. आणि कागदाचंही सांगितलं, तीन दिवस बॅगेत होता ते. स्टाफरूममध्ये हसलो ते मात्र सांगू शकलो नाही. ते इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

दादाने बूट खाली ठेवला. त्याची मान डावीकडे वर गेली, भिंतीकडे. मला वाटलं, आता हा मला मारेल, आणि मारावं असं मला फार वाटत होतं. त्याने आतल्या दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली केला.

"हे तिला सांगू नकोस," तो म्हणाला. "ती कामावरून आली की अजून पुस्तक घेऊन बसते. तिला वाटतं, शिकलं की माणूस तुझ्यासारखा होतो."

आतून तिची हाक आली, कोण आलंय म्हणून. दादा उठला, त्याने मला पाणी आणून दिलं आणि मोठ्याने म्हणाला, "काका आलाय तुझा. काही अडलं असेल तर ये विचारायला."

ती वही घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली.